नोव्हा भरलंस का? जपानची गाडी यूकेत आणली, त्यातल्या एका फॉर्मचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

रिव्ह्यू गाडीचा नाहीये, शिपिंगचाही नाही. बाहेरच्या देशातून यूकेत गाडी कायमची आणली की एचएमआरसीला, म्हणजे इथल्या टॅक्सवाल्यांना, तसं कळवावं लागतं आणि त्यासाठी नोव्हा नावाची ऑनलाईन सर्व्हिस आहे, तिचा रिव्ह्यू. लांब नाव नोटिफिकेशन ऑफ व्हेइकल अरायव्हल्स. एप्रिल २०१३ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि भरायला मला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं सापडायला मात्र अकरा दिवस गेले, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

गाडी म्हणजे २०११ ची होंडा फिट हायब्रिड. तीच जी इथे जॅझ म्हणून विकली जाते. आम्ही काही वर्षं तोक्योत होतो, तिथे २०१९ ला सेकंडहँड घेतली होती. कंपनीने मिल्टन कीन्सला ट्रान्सफर केलं आणि सामानाच्या पॅकेजमधे एका गाडीचं शिपिंग बसत होतं. बायको म्हणाली विकून टाक, इथे कवडीमोल असली तरी तिकडे जुनी जॅझ मिळेलच की. हिशोबाने तिचंच बरोबर होतं. पण शिपिंग फुकट, स्टिअरिंग उजवीकडे, दोन्ही देशात डाव्या बाजूने चालवतात, आणि जपानमधली गाडी म्हणजे खाली गंजाचा टिपूस नाही, म्हटलं नेऊया. हायब्रिडची बॅटरी पण ठणठणीत होती.

आता टॅक्सचं आधी सांगतो, कारण सगळे तिथेच घाबरतात. युरोपबाहेरूनच नाही तर १ जानेवारी २०२१ पासून ईयूमधून जरी गाडी ग्रेट ब्रिटनमधे आणली तरी कस्टम्स डिक्लेरेशन लागतं. कारवर नॉर्मल ड्युटी १० टक्के आणि मग गाडी, वाहतूक, ड्युटी सगळं धरून वर २० टक्के व्हॅट. समजा गाडीची किंमत ३,००० पाउंड आणि आणायचा खर्च १,००० पाउंड, तर ४०० ड्युटी आणि ४,४०० वर ८८० व्हॅट, झाले १,२८० पाउंड. पण तुम्ही राहायलाच इकडे येत असाल तर ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स नावाची सूट मिळते, ती मिळाली की दोन्ही शून्य. अट अशी की तुम्ही यूकेबाहेर सलग १२ महिने तरी राहिलेले असले पाहिजेत आणि गाडी येण्याआधी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली पाहिजे. मी दोन्हीत बसत होतो. निघायच्या आधीच अर्ज टाकला, मंजुरीचा नंबर आला, तो एजंटला दिला.

(सूट घेतली की पुढचे १२ महिने गाडी विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही आणि उसनीही देता येत नाही. आमच्या एका मित्राला एअरपोर्टसाठी एक दिवस गाडी हवी होती, त्याला हे सांगितलं तर तो अजून समजतो की मी बहाणा केला. नियम दाखव म्हणाला. दाखवला. तरी.)

तर झालं काय की हे सगळं छान पार पडल्यामुळे माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं की टॅक्सचा विषय संपला. सूट कोणी दिली, एचएमआरसीने. कस्टम्स डिक्लेरेशन कोणाकडे गेलं, एचएमआरसीकडे. मग एचएमआरसीला गाडी आलीये हे परत कोण कशाला सांगेल? एकाच घरात आईला सांगून झालं की बाबांना वेगळं सांगायचं? तर हो, सांगायचं. कस्टम्स म्हणजे माल देशात आला, त्याची ड्युटी बघा. नोव्हा म्हणजे ही अमुक चासी नंबरची गाडी आता इथल्या रस्त्यावर येणार आहे, हिचा व्हॅटचा हिशोब झालाय किंवा माफ आहे. आणि हे नोव्हाचं खातं साफ असल्याशिवाय डीव्हीएलए, म्हणजे स्वॉन्सीचं आरटीओ समजा, गाडी रजिस्टर करत नाही. म्हणजे एक रुपयाचा टॅक्स लागणार नसला तरी नोव्हा लागतंच. हे वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

मुदत १४ दिवसांची. आणि ते १४ दिवस गाडी यूकेत आल्यापासून मोजतात, तुमच्या दारात आल्यापासून नाही. उशीर झाला तर दिवसाला ५ पाउंड दंड लागू शकतो. ५ पाउंड ऐकून हसू येतं, पण दंडापेक्षा पुढचं सगळं अडकतं ना. रजिस्ट्रेशन नाही म्हणजे नंबर नाही, नंबर नाही म्हणजे प्लेट नाही, आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली.

आमची गाडी योकोहामाहून रोरो जहाजाने साउथॅम्प्टनला आली. रोरो म्हणजे कंटेनर नाही, गाडी सरळ चालवत जहाजात नेतात आणि चालवतच उतरवतात. एजंटचा मेल आला, अराइव्ह्ड. मी खूष. क्लिअरन्सला काही दिवस गेले, मग ट्रेलरवाल्याची तारीख मिळेना, मग बँक हॉलिडे आला, आणि गाडी घरी पोचली तो दहावा दिवस होता. दहावा हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, मी मोजतच नव्हतो. मी गाडीचे फोटो काढून स्टेटसला टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी स्टेटस बघून फोन केला. हे काका इथे तीस-पस्तीस वर्षं आहेत आणि जुन्या मोटारींचा नाद आहे, दोन-तीन गाड्या बाहेरून आणल्यात. अभिनंदन वगैरे झालं आणि मग म्हणाले,

"नोव्हा भरलंस का?"

मी म्हटलं काका, एजंटने केलं असेल सगळं.

"असेल? अरे असेल काय, विचार त्याला. उतरली कधी गाडी?"

तारीख सांगितली. फोनवर दोन सेकंद शांतता, बहुतेक बोटं मोजत होते. "आज अकरावा दिवस आहे बाळा. फोन ठेव आणि आधी ते बघ."

एजंटला फोन. नाव घेत नाही, माणूस बोलायला गोड होता आणि कस्टम्सचं काम त्याने खरंच व्यवस्थित केलं. पण मी कोटेशन घेताना "सगळं आमच्याकडे, तुम्ही निवांत रहा" असं म्हणालेला हाच माणूस आता म्हणतो की नोव्हा आमच्या पॅकेजमधे नाही, ते ॲड-ऑन आहे, पीडीएफ बघा. बघितलं. दुसऱ्या पानावर खाली, मुंगीच्या अक्षरात, खरंच लिहिलेलं. आता चूक कोणाची? निम्मी माझी, मी वाचलं नाही. पण निवांत रहा म्हणणाऱ्याने एक ओळ मेलमधे टाकली असती तर त्याचं काय गेलं असतं? वर म्हणाला आता करून देतो, चार्ज लागेल, पण सोमवारी. सोमवार म्हणजे पंधरावा दिवस. म्हटलं राहू दे, मीच भरतो.

आणि इथून पुढे खरा रिव्ह्यू.

लॉगिनला गव्हर्नमेंट गेटवेचा आयडी लागतो, तो बारा आकडी नंबर. माझा आधीच केलेला होता म्हणून वाचलो. नव्याने आलेल्या लोकांनी हे आधीच करून ठेवा, गाडी समुद्रात असतानाच, कारण तेव्हा तुमच्याकडे वेळच वेळ असतो आणि जहाज कुठे पोचलं ते ॲपवर बघण्यापलीकडे काही काम नसतं. ऑनलाईन जमत नसेल तर कागदी फॉर्मही आहे, व्हॅट नोव्हा वन नावाचा, पण पोस्टाचे दिवस धरून चाला.

फॉर्म साधा आहे. तुम्ही खासगी माणूस की धंदेवाले, गाडी कुठून आली, कधी आली, मेक, मॉडेल, चासी नंबर, पहिलं रजिस्ट्रेशन कधी, किती चालली, किंमत काय, कस्टम्सच्या डिक्लेरेशनचा नंबर, आणि सूट घेतली असेल तर ती कुठली. भाषा सोपी, वकिली इंग्रजी नाही. हातात कागद असले तर पटापट होतं.

आता माझ्या हातातले कागद जपानी होते, तिथे मजा आली. गाडी जपानमधून नेताना तिथलं रजिस्ट्रेशन रद्द करून, नंबर प्लेट परत करून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यावं लागतं, तोच तुमचा मुख्य कागद. त्यावर वर्ष इंग्रजी नसतं, राजाच्या काळाचं असतं. माझ्या गाडीवर हेइसेइ २३. हेइसेइ १ म्हणजे १९८९, तर २३ म्हणजे २०११. मी घाईत १९८९ मधे सरळ २३ मिळवले आणि २०१२ लिहिलं, बायकोने मागून बघून सांगितलं की अरे पहिलं वर्ष पण मोजायचं. शके आणि इसवी सन मधला ७८ चा फरक आपल्याला कॅलेंडरवर लहानपणापासून दिसतो, हे तसंच, फक्त राजा बदलला की परत एकपासून सुरू. २०१९ मधे मे महिन्यापासून रेइवा १ लागलं, म्हणजे माझ्या कागदपत्रांवर दोन-दोन राजे.

दुसरी गंमत, त्या कागदावर पहिल्या रजिस्ट्रेशनचा महिना आणि वर्ष असतं, तारीख नसते. जून, एवढंच. फॉर्मला पूर्ण तारीख द्यायची. मनाने काही टाकायचं नाही म्हणून मी हेल्पलाईनला फोन लावून, विचारून, मगच भरलं. होल्डवर थांबावं लागलं पण पलीकडच्या बाईंनी नीट सांगितलं. तुम्हीही विचारूनच भरा.

तिसरी, चासी नंबर. युरोपातल्या गाड्यांना १७ अक्षरांचा व्हीआयएन असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. जपानच्या लोकल गाड्यांना तो नसतोच. जीपीवन, मग एक डॅश, मग सात आकडे, संपलं. हा आखूड नंबर बघून मला वाटलं कागदावर अर्धाच छापलाय, म्हणून रात्री टॉर्च घेऊन बॉनेट उघडून बघितलं. तिथेही तेवढाच. तर तो तेवढाच असतो, आणि अगदी तसाच भरायचा, स्वतःच्या मनाने शून्यं जोडायची नाहीत. कारण पुढे डीव्हीएलएचा फॉर्म, एमओटी (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का त्याची इथली तपासणी), इन्शुरन्स सगळीकडे हाच नंबर जाणार आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला तर नोव्हातली गाडी वेगळी आणि तुमची गाडी वेगळी. मी आकडे मोठ्याने वाचले आणि बायकोने कागदावर टिक केले, शाळेत हजेरी घेतात तसं.

मॉडेलचं पण. इथे जॅझ म्हणतात म्हणून जॅझ लिहू नका, कागदावर फिट आहे ना, मग फिटच. किलोमीटर आहेत का मैल तेही बघून टाका, जपानचं मीटर किलोमीटरमधे असतं.

सबमिट केलं बाराव्या दिवशी रात्री. रेफरन्स नंबर आला, पीडीएफ सेव्ह केली, प्रिंट काढली, फोटोही काढला, एकदा दुधाने तोंड पोळलंय ना. सूट मंजूर होती म्हणून भरायचं काही नव्हतं, तसं नंतर कळवलं गेलं. आणि मग काही नाही. खरंच काही नाही. सगळं नीट झालं असेल तर नोव्हा गप्प बसतं, तिकडून डीव्हीएलएला कॉम्प्युटरवर दिसतं, तुम्हाला वेगळा कागद जोडायला लागत नाही. आपल्याला सवय शिक्क्याची. कोणीतरी धाडकन शिक्का मारल्याशिवाय काम झालं असं वाटतच नाही. मी काकांना दोनदा विचारलं, झालं असेल ना? काका म्हणाले, ओरडलं नाही म्हणजे झालं.

एक स्टार कापला तो याचा. सर्व्हिस चांगली आहे पण ती आहे हे गाडी आणणाऱ्याला त्या वेळेला कोणी सांगत नाही, जो शोधेल त्यालाच सापडते. सरकारी साईटवर गाडी आणायच्या पानावर स्पष्ट लिहिलंय, पहिल्याच पायरीला, ते मी नाकारत नाही. पण सूट मिळालेला माणूस ते पान उघडेल कशाला, त्याच्या मते त्याचं झालेलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो कारण ते नोव्हाचं काम नाही. गाडी १० वर्षांपेक्षा जुनी म्हणून अप्रूव्हलची, म्हणजे गाडी इथल्या नियमांत बसते का याची, वेगळी टेस्ट लागली नाही, नवी असती तर तो एक मोठा अध्याय झाला असता. एमओटी लागलीच. रजिस्ट्रेशनआधी गाडी रस्त्यावर काढता येत नाही, फक्त आधी बुक केलेल्या एमओटीला किंवा अप्रूव्हल टेस्टला नेता येते, आणि तेही इन्शुरन्स असेल तरच. इन्शुरन्सवाल्यांपैकी निम्म्यांच्या लिस्टमधे फिट हा शब्दच नव्हता, चासी नंबरवर पॉलिसी देणारा चौथ्या फोनला मिळाला. एमओटीवाल्याने मागे फॉग लाईट नाही म्हणून नापास केली. इथे १ एप्रिल १९८० नंतरच्या गाड्यांना मागचा फॉग लाईट कंपल्सरी आहे, माझ्या फिटला जपानमधे तो आलाच नव्हता. एक लाईट उजव्या बाजूला बसवून घेतला, आत एक बटण चिकटवलं जे अजूनही थोडं तिरकं आहे. मैलाचा स्पीडोमीटर पण करून घेतला. हेडलाईटचं काही करावं लागलं नाही, युरोपातून आणणाऱ्यांना ते करावं लागतं.

मग डीव्हीएलएचा व्ही ५५ स्लॅश ५ हा फॉर्म, वापरलेल्या गाडीचा. ५५ पाउंड फी, रोड टॅक्स, ओळखपत्र आणि पत्त्याच्या कॉप्या, आणि ते जपानी सर्टिफिकेट ओरिजिनल, भाषांतरासकट. ओरिजिनल पाठवताना हात थरथरतात, स्कॅन करून ठेवा. काही आठवड्यांनी लॉगबुक, म्हणजे इथलं आरसी बुक, आलं. नोव्हाबद्दल एका शब्दाने कोणी विचारलं नाही, यावरूनच कळलं की ते बरोबर भरलं गेलं होतं.

नंबरात ११ आलंय, गाडी जून २०११ ची म्हणून. पुढे पांढरी प्लेट, मागे पिवळी. एजंटने नंतर फीडबॅकची लिंक पाठवली, ती मी उघडली नाही. काकांना घेऊन पहिली फेरी मारली, ते पुढच्या सीटवर बसले, मी गाडी चालू केली आणि जपानच्या टोलचं यंत्र अजून काढलेलं नाही त्यातून रोजच्यासारखी ती बाई जपानीत बोलली की कार्ड घातलेलं नाही. काका दचकले. रेडिओ लावायला गेले तर जपानचा रेडिओ ९० च्या पुढे जातच नाही, एक बीबीसीचा रेडिओ टू तेवढा लागतो. नॅव्हिगेशनच्या मते आम्ही अजून योकोहामाच्या बंदरातच उभे होतो.

"याचा फॉर्म नसतो का रे?" काका म्हणाले.